सावकाराच्या वहीपासून गटाच्या वहीपर्यंत

श्रावण संपत आला की मंडळाची पावतीपुस्तके छापून येतात. कोणी एकशे एक देतो, कोणी पाचशे एक. एखादे घर रोख देत नाही, पण एका संध्याकाळच्या प्रसादाचा भार उचलते. दहा दिवस सगळे मिळून राबतात आणि शेवटी जमाखर्च सर्वांसमोर वाचला जातो. थोडी थोडी रक्कम, सर्वांचे काम आणि उघडा हिशेब, या तीन गोष्टींवर आपला उत्सव उभा आहे. याच तीन गोष्टींवर आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात गेली ऐंशी वर्षे आणखी एक प्रयोग चालत आला आहे. त्याचा इतिहास आपण फारसा सांगत नाही. त्याचे एक कारण असे की, त्या इतिहासात आपणही आहोत आणि नेहमीच चांगल्या बाजूला नाही.

आदिलाबादला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा १९०५ साली मिळाला. तेव्हा किनवट आणि राजुरा हे मराठी मुलूखही याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत ते तिकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. म्हणून आपल्यातली कित्येक घरे कुठून आली नाहीत. घरे जागेवरच राहिली, सीमा सरकली. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक आजही होते. पण आपल्यातली काही घरे मात्र आली होती. कोणी शेतीसाठी, कोणी व्यापारासाठी, कोणी पटवारी, वकील, शिक्षक म्हणून. ती ज्या जंगलात आली, तिथे आधीपासून गोंड, कोलाम, परधान, थोटी राहत होते.

त्या काळचे कर्ज कसे होते ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. वाढीदिढी हा शब्दच पुरेसा आहे. आषाढात घरातली कणगी रिकामी होते, पेरणीचे बी संपते. तेव्हा सावकाराकडून चार पायल्या ज्वारी उचलायची आणि सुगीला सहा पायल्या घालायच्या. पीक बुडाले तर सहाच्या पुढच्या वर्षी नऊ. दोन-तीन वाईट पावसाळे आले की वहीतला आकडा पिकाच्या आवाक्याबाहेर जायचा आणि मग जमीन जायची. सरकारी दप्तर उर्दूत, सावकाराची वही तेलुगूत किंवा मराठीत, आणि कर्जदार बोलणार गोंडी. वहीत काय लिहिले आहे हे ज्याच्या नावावर लिहिले त्याला कधीच कळत नसे. आदिवासींच्या जमिनी ज्यांच्या हाती गेल्या, त्यांत तेलुगू होते, उर्दू बोलणारे होते आणि मराठी बोलणारेही होते. स्मरणिकेत असे लिहिणे काहींना आवडणार नाही, पण पुढचा इतिहास त्याशिवाय समजत नाही.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांची मागणी जल, जंगल आणि जमिनीची होती. एवढा संताप कशामुळे, याचा शोध घेण्यासाठी निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. ते पत्नी बेटी यांच्यासह जैनूरजवळच्या मार्लवाईला गोंडांमध्ये राहिले. तिथेच १९४३ साली गोंड शिक्षण योजना सुरू झाली. गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र मार्लवाईत निघाले आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण मराठीच्या शेजारामुळे ही लिपी इथल्या गोंडांना परकी नव्हती. तीच लिपी आता मुलांच्या पाटीवर आली. पुढे जमिनीचे पट्टेही वाटले गेले. १९४९ पर्यंत आदिवासी कुटुंबांच्या नावावर दीड लाख एकरांहून अधिक जमीन झाली होती.

या कामात आपल्याला अभिमान वाटावा असे एक मराठी नाव आहे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांना आपण शिवकाल आणि मोगलकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. पण त्याआधी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासींसाठी काम केले. ते गोंडी शिकले, गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली आणि इथल्या गोंडांवर इंग्रजीत एक पुस्तकही लिहिले. ज्यांचा कारभार पाहायचा त्यांची भाषा आधी शिकायची, हा साधा नियम त्यांनी पाळला. तो पाळणारे अधिकारी तेव्हाही थोडेच होते.

त्याच दशकात संस्थानात सहकारी धान्यकोठ्या निघाल्या. लोक त्यांना ग्रेन बँक म्हणत. सुगीत प्रत्येकाने थोडे धान्य कोठीत टाकायचे, अडचणीच्या दिवसांत त्यातून उचलायचे आणि परत करताना थोडे जास्त घालायचे. वाढ इथेही होती. फरक एवढाच की, ती सावकाराच्या वाड्यात न जाता गावाच्याच कोठीत राहायची. गावाचा पहिला सामायिक निधी नाण्यांचा नव्हता, ज्वारीचा होता. मात्र अशा कोठ्या दीर्घकाळ टिकवणे अवघड असते. दुष्काळात सगळ्यांनाच एकदम उचलायचे असते, आणि कोठीची किल्ली गावातल्या बड्या माणसाकडे गेली की ती पुन्हा एका माणसाची कोठी होते.

पुढच्या तीस वर्षांत रस्ते झाले, वस्ती वाढली आणि जमिनीचा प्रश्न पुन्हा पेटला. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत मेळाव्यासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्या आठवणीने आजही इथली माणसे गप्प होतात.

लगेच पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, केंद्र सरकारने ग्रामीण महिला आणि बालकांच्या विकासाची योजना आणली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आपल्याकडे तिचे नाव ‘ड्वाक्रा’ पडले आणि ते इतके रुळले की आजही बचत गटातल्या बाईला लोक ‘ड्वाक्रावाली’ म्हणतात. देशातले पन्नास जिल्हे प्रयोगासाठी निवडले गेले. आंध्र प्रदेशातून श्रीकाकुलम, कडपा आणि आदिलाबाद हे तीन जिल्हे होते. पंधरा-वीस बायकांचा एक गट आणि त्या गटाला पंधरा हजार रुपयांचा फिरता निधी. त्यात पाच हजार केंद्राचे, पाच हजार राज्याचे आणि पाच हजार युनिसेफचे. ‘फिरता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हे पैसे एका बाईला दान म्हणून मिळत नसत. एकीने म्हैस घ्यायची, फेडायचे, मग दुसरीने शिवणयंत्र घ्यायचे. पैसा गटाचा आणि तो गटातच फिरायचा.

सुरुवातीला बरेच गट कागदावरच राहिले. निधी येणार म्हणून नावे जमवली आणि निधी संपला की गट संपला, असे पुष्कळ ठिकाणी झाले. हे चित्र पालटले ते नेल्लूरच्या बायकांमुळे. १९९२ मध्ये दुबगुंटा गावातून दारूविरोधी चळवळ उठली आणि तिच्या पाठोपाठ रोज एक रुपया बाजूला टाकण्याची ‘पोदुपु लक्ष्मी’ मोहीम सुरू झाली. पोदुपु म्हणजे तेलुगूत बचत. आधी स्वतःची बचत, मग सरकारचा पैसा, हा क्रम तिथून राज्यभर गेला. हा क्रम म्हणजेच सगळे मर्म होते. स्वतःचा रुपया पेटीत असला की बाई वही मागते. फुकटच्या पैशाची वही कोणी मागत नाही.

२००० साली जागतिक बँकेच्या मदतीने ‘वेलुगु’ प्रकल्प सहा जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांतही आदिलाबाद होता. वेलुगु म्हणजे उजेड. यात गटांच्या वर ग्रामसमाख्या, तिच्या वर मंडल समाख्या आणि मग जिल्हा समाख्या अशी उतरंड रचली गेली. गटाने आपली गरज स्वतः मांडायची, आपला वाटा घालायचा आणि त्यावर सामुदायिक गुंतवणूक निधीतून रक्कम मिळायची. परतफेड वरच्या कचेरीत न जाता गावाच्या समाख्येतच राहायची, म्हणजे पुन्हा तीच जुनी कोठी, यावेळी बँकेच्या पासबुकात. पुढे या कामाला ‘इंदिरा क्रांती पथम’ हे नाव मिळाले आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाने आंध्रातल्या याच रचनेचा धडा घेतला.

याला दुसरी बाजूही आहे. गटाची एकमेकींना असलेली जामीनकी पाहून खासगी सूक्ष्म कर्ज कंपन्याही गावात आल्या. एका बाईच्या नावावर तीन-तीन कर्जे झाली. वसुलीसाठी शेजारणीलाच दारात उभे केले जाऊ लागले. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. एकमेकींचा आधार आणि एकमेकींवरचा दबाव यांत फार अंतर नसते. पैसा कोणाचा, तो परत कुठे जातो आणि वही कोण वाचतो, यावर ते अंतर ठरते.

अलीकडची एक गोष्ट सांगून थांबतो. केस्लापूरच्या नागोबाची जत्रा आपण सगळे जाणतो. मेसराम घराण्याचे हे दैवत. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांनीच या जत्रेत अधिकाऱ्यांचा दरबार सुरू करवला, म्हणजे डोंगरातल्या माणसाचे गाऱ्हाणे अधिकाऱ्याला तिथेच ऐकावे लागावे. त्या नागोबाचे नवे दगडी मंदिर डिसेंबर २०२२ मध्ये उभे राहिले. मेसराम कुळातल्या घराघरांनी वर्षानुवर्षे वर्गणी जमवली आणि काही कोटींचे हे काम आपल्या बळावर पुरे केले. ज्यांच्या आज्यांना वही वाचता येत नव्हती, त्यांच्या नातवंडांनी कोटींचा हिशेब ठेवला.

२०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले. मार्लवाई आणि जोडेघाट आज कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहेत, केस्लापूर आणि उटनूर आपल्याकडे. पण गटांच्या वह्या जिल्ह्याची सीमा पाहून बदलत नाहीत.

आपले मंडळ दरवर्षी उत्सवातून काही रक्कम शिल्लक ठेवते. तिचा एक छोटा भाग, अगदी दहा-पंधरा हजारांचा, दरवर्षी जवळच्या एका गटाच्या कामाला द्यावा असे सुचवावेसे वाटते. शाळेची पाण्याची टाकी असेल, बियाण्याची कोठी असेल, शिवणाचे वर्ग असतील. अटी तीनच असाव्यात. काम गटाने ठरवायचे, आपण नाही. गटाने आपला वाटा घालायचा, मग तो श्रमाचा असला तरी चालेल. आणि हिशेब त्यांच्याच भाषेत, सर्वांसमोर वाचायचा. तो ऐकायला आपण मांडवातल्या खुर्च्यांवर बसून त्यांना बोलावू नये. त्यांच्या गावी जाऊन चटईवर बसावे. आपल्या पूर्वजांपैकी काही जण त्या गावांत वही घेऊन गेले होते. आपण यावेळी वही ऐकायला जाऊ.

गणपती बाप्पा मोरया!