ठोकळ्यांचे किल्ले

जर्मन शिक्षणशास्त्रज्ञ फ्रोबेल यानें १८३७ च्या सुमारास बालकांच्या हातीं लांकडी ठोकळे दिले. पुढें १८८२ पासून रिख्टरच्या कारखान्यांतून वाळू, खडू व जवसाचें तेल यांच्या मिश्रणाचे ठोकळे निघूं लागले. डेन्मार्कांतील बिलुंड गांवच्या क्रिस्तियानसन सुताराच्या कारखान्यानें १९४९ सालीं प्लास्टिकच्या विटा काढल्या. १९५८ मध्यें त्यांच्या पोटांत नळ्या आल्या, तेव्हां कोठें त्या एकमेकींस घट्ट धरूं लागल्या.

मलकापूरकडील मुलांचें अशा खोक्यावांचून कधीं अडलें नाहीं. दिवाळी आली कीं दगड, विटांचे तुकडे, गोणपाट व चिखल यांचा किल्ला अंगणांत उभा राहतो. उतारावर अळीव पेरतात. बाजारांत शोधावयाचें तें एवढेंच : मातीचे मावळे आणि सिंहासनावरील शिवाजीमहाराज. पूर्वीं बुरूज विकत मिळत नसे, हें एका परीनें बरेंच!

मुलांपुढें नमुनाहि दूरचा नव्हे. १६६० त बाजीप्रभूंनीं घोडखिंड अडविली, ती महाराज विशाळगडीं सुखरूप पोंचावे म्हणून. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनीं त्या गडाची तटबंदी पाडली व पंतप्रतिनिधींचें ठाणें खालीं मलकापुरास आलें. त्याच मलकापुरांत पोरें दरसाल तट रचतात. भाऊबीज सरली कीं दगड परसांत जातात. मावळे मात्र पुसून फडताळांत ठेवले जातात.