पदवीधरांची यादी आणि सल्लागारांची निवड

मतदारयादी हा दस्तऐवज इतिहासाच्या अभ्यासकाला सहसा मोहात पाडत नाही. निवडणुकीतल्या जयपराजयाची चर्चा होते, भाषणे लक्षात राहतात. यादी मात्र रद्दीत जाते. तरीही एखाद्या समाजाने आपल्यातील कोणाचे मत मोजण्याजोगे मानले, हे यादीइतके स्वच्छपणे दुसरे काही सांगत नाही. या मोठ्या यादीच्या मागे पुष्कळदा एक छोटी यादी असते: ती कशी करावी याचा सल्ला देणाऱ्यांची. धाराशिव जिल्ह्यात पदवीधरांच्या मतदार नोंदणीसाठी सल्लागार समिती नेमायची झाली तर तीत कोणाला घ्यावे, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका किरकोळ नाही.

मागे वळून पाहू. १९१८-१९ साली हिंदुस्थानात मताधिकार कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, श्रीनिवास शास्त्री आणि आफताब अहमद खान हे तीन हिंदी सदस्य तीत होते. स्त्री एकही नव्हती. समितीने विद्यापीठांना प्रतिनिधित्व दिले, पदवीला मताचे मोल दिले. स्त्रियांना मात्र मताधिकार देऊ नये असे सांगितले. कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या त्याला तेव्हा तीन दशके लोटली होती. म्हणजे विद्यापीठाने जिला पदवी दिली, तिला त्या पदवीच्या बळावर मत देता येईना. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने ही आडकाठी १९२१ मध्ये दूर केली. समितीत एखादी पदवीधर स्त्री असती तर निर्णय बदललाच असता असे म्हणता येणार नाही. पण तो प्रश्न इतक्या सहजासहजी बाजूला सारणे नक्कीच अवघड गेले असते.

मुंबई इलाख्यात हे घडत असताना आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे १९३७ मध्ये दिवाणबहादूर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली. काशिनाथराव वैद्य हे मराठी वकील तिचे सदस्य होते. हेच पुढे १९५२ मध्ये हैदराबाद विधानसभेचे पहिले सभापती झाले. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी तेव्हा संस्थानभर उठत होती. १९३८ साली महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन लातूरला भरले, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ते १९८२ मध्ये वेगळे झाले. १९३९ च्या जुलैत सुधारणा जाहीर झाल्या, तेव्हा प्रतिनिधित्व गावाला वा तालुक्याला न मिळता व्यवसायांना आणि हितसंबंधांना मिळाले. समितीत एकदोन जाणते लोक असणे आणि समितीपुढील प्रश्न मोकळा असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा या प्रकरणाचा धडा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. हैदराबाद राज्याला विधान परिषद नव्हती. त्यामुळे संविधानाच्या अनुच्छेद १७१ मधील पदवीधरांचा मताधिकार येथील शिक्षितांच्या वाट्याला आला तो या विलीनीकरणानंतरच. आज महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत पदवीधरांचे ७ प्रतिनिधी असतात. त्यांपैकी एका जागेसाठी मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचा मिळून एकच मतदारसंघ आहे.

या मतदारसंघाची यादी इतर याद्यांसारखी वर्षानुवर्षे चालत येत नाही. प्रत्येक निवडणुकीपूर्वी ती कोऱ्या पानावरून नव्याने केली जाते. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावीत, मतदारसंघात वास्तव्य असावे, आणि नमुना १८ मधील अर्ज पुराव्यासह द्यावा. मागच्या वेळी नाव होते, एवढ्याने भागत नाही. अर्ज गठ्ठ्याने स्वीकारू नयेत असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. कार्यालयप्रमुख किंवा घरातील व्यक्ती यांच्यापुरतीच त्यात सवलत आहे. तरीही कोऱ्या पानाचा स्वभाव असा की, जो लोकांपर्यंत आधी पोचतो त्याची माणसे त्यावर आधी उतरतात. उमेदवार पोचतो, शिक्षणसंस्था पोचते. जो कोणत्याच संस्थेत नाही, त्याच्यापर्यंत कोण पोचणार?

कायद्याने नोंदणीची जबाबदारी मतदार नोंदणी अधिकाऱ्याची आहे. समिती सल्ल्यापलीकडे जाऊ शकत नाही. पण सल्ला कोणत्या अडचणीबद्दल द्यायचा, हे सदस्यांच्या अनुभवावरच ठरते. पक्षांचे प्रतिनिधी, प्राचार्य आणि निवृत्त अधिकारी ही नावे कोणालाही चटकन सुचतील, आणि ती असावीतही. मात्र भूम, परंडा, वाशी, लोहारा या तालुक्यांतला माणूस त्यांत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचा सल्ला जिल्ह्याच्या ठिकाणापुरताच राहील. पदवी घेऊन शेती करणारा एक हवा. आणि लग्नानंतर नाव बदललेली एक पदवीधर स्त्री हवीच हवी. तिच्या पदवीपत्रावर माहेरचे नाव, ओळखपत्रावर सासरचे. दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्यासाठी आणखी एक कागद. ही अडचण नियमांच्या पुस्तकात एका ओळीची असते, सासरी आलेल्या मुलीला ती दोनतीन खेपांची पडते. कॉर्नेलियाच्या काळी स्त्रीपुढे दार बंद होते. आज दार उघडे आहे, उंबरठा मात्र उंच आहे.

समितीत बसणारी माणसे वाईट होती म्हणून याद्या अपुऱ्या राहिल्या, असे इतिहास सांगत नाही. साउथबरो समितीतले हिंदी सदस्य विद्वान आणि देशहितैषी होते. जे त्यांच्यासोबत बसले नव्हते, त्यांची अडचण त्यांना आपली वाटली नाही, इतकेच. म्हणून सदस्य निवडताना ‘या कामाला योग्य कोण?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘मागच्या यादीत कोण नव्हते?’ हे विचारावे, आणि त्यांच्यापैकी एकाला बोलावून घ्यावे.