मस्टर्ड वायू ते केमोथेरपी

कर्करोगाची औषधे घेणाऱ्या रुग्णाचे केस का गळतात, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. ‘औषधे फार कडक असतात’ एवढे उत्तर पुरेसे नाही. नेमके उत्तर द्यायचे तर एका युद्धवायूची हकिकत सांगावी लागते.

जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने मस्टर्ड वायू प्रथम वापरला. (वायू हा नावापुरताच. प्रत्यक्षात तो तेलकट द्रव, आणि मोहरीशी त्याचे नाते फक्त वासाचे.) अंगावर फोड येत, डोळे सुजून मिटत. दगावलेल्या सैनिकांची अस्थिमज्जा ओसाड पडलेली आणि रक्तातील पांढऱ्या पेशी अतिशय घटलेल्या आढळल्या. ही नोंद १९१९ मध्ये छापून आली, पण तिच्यावरून औषध सुचायला दुसरे महायुद्ध यावे लागले.

अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन हे औषधशास्त्रज्ञ युद्धवायूंवर गुप्तपणे संशोधन करीत होते. मस्टर्डमधील गंधकाच्या जागी नायट्रोजन असलेले ‘नायट्रोजन मस्टर्ड’ त्यांच्या हाती होते. लसिका पेशी याने मरतात, तर त्याच पेशींच्या कर्करोगावर ते का चालू नये? आधी उंदराची गाठ विरघळली. मग ऑगस्ट १९४२ मध्ये एका मरणासन्न रुग्णाला ते टोचले. काही दिवसांत गाठी बसल्या. काही आठवड्यांत परतल्या. डिसेंबरात तो रुग्ण गेला.

त्याच सुमारास एडिंबरोमध्ये शार्लट आउअरबाख फळमाश्यांना मस्टर्ड वायू देत होत्या. या बाई मूळच्या जर्मनीच्या, शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या. ज्यू म्हणून १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि त्या स्कॉटलंडला आल्या. मस्टर्डच्या जखमा क्ष-किरणांच्या जखमांसारख्याच चिवट असतात, हे तेथील औषधशास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते. क्ष-किरणांनी उत्परिवर्तने होतात हे मुलर यांनी १९२७ मध्ये दाखवले होते. मग मस्टर्डने का होऊ नयेत? हात भाजून घेत बाईंनी आणि रॉबसन यांनी प्रयोग केले. १९४१ मध्ये उत्तर मिळाले: होतात, आणि भरपूर होतात. युद्धामुळे दोन्ही कामे सविस्तर छापून यायला १९४६ उजाडले. एकीकडे औषध, दुसरीकडे आनुवंशिक इजा. पदार्थ मात्र एकाच कुळातले.

१९६० च्या सुमारास लंडनमध्ये ब्रूक्स आणि लॉली यांनी याचा उलगडा केला. मस्टर्डच्या रेणूला दोन ‘हात’ असतात. डीएनएमधील दोन ग्वानीन ते धरू शकतात. दोरीचे दोन पेड एकमेकांना टाचावेत तसे होते. पेशी विभागताना हे पेड सुटे व्हावे लागतात, आणि तिथेच अडते. म्हणून भराभर विभागणाऱ्या पेशींना मोठा फटका बसतो: गाठीतल्या, पण केसांच्या मुळांतल्या, अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्याही.

तरी पेशी मरते ती केवळ टाचली गेल्यामुळे नव्हे. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये पेशीच्या शिस्तबद्ध मरणाला ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्द पानगळीचा. पी-५३ हे प्रथिन शाबूत असेल तर इजा झालेल्या पेशी हा मार्ग सहज पत्करतात, ते नसेल तर औषधांना दाद देईनाशा होतात, असे १९९३ मध्ये उंदरांच्या पेशींवर दिसले. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत नेमके पी-५३ चे जनुकच बिघडलेले असते. गाठ एकदा बसून पुन्हा का उठते, याचे एक कारण हे.

आणि निरोगी पेशी इजा घेऊन जगल्या तर? नायट्रोजन मस्टर्ड असलेल्या औषधयोजनेने हॉजकिनचा आजार बरा झालेल्या काही रुग्णांना वर्षांनंतर रक्ताचा कर्करोग झाल्याचे १९७० च्या दशकात दिसू लागले. आउअरबाखबाईंच्या माश्यांनी दाखवलेलीच ही गोष्ट. पुढे त्या आजारासाठी मस्टर्ड वगळलेली योजना रूढ झाली. मस्टर्डच्याच कुळातले सायक्लोफॉस्फमाइड मात्र अजून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने केलेल्या, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीतही.