सोन्याची तांबडी रेघ

सोनार सोने कसोटीच्या दगडावर घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरवितो. गेल्या काही दशकांत हा व्यवहार उलट झाला आहे. आता सोनेच कसोटी बनले असून कस पाहिला जातो तो माणसाच्या रक्ताचा. तापाने फणफणलेल्या रोग्याच्या बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब लहानशा पट्टीवर पडतो, पाव तासात तीवर तांबडी रेघ उमटते आणि हिवतापाचे निदान होते. ही रेघ शाईची नव्हे. ती सोन्याची असते. तिच्या इतिहासात गोव्याचेही नाव आहे.

गोव्याला तापाच्या साथी नव्या नाहीत. साथींनी जुने गोवे ओस पडत गेले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीला हलविले आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. परंतु राजधानी हलविल्याने ताप हलत नाही. १९८६ नंतर खुद्द पणजीतच हिवतापाने डोके वर काढले. शहर वाढत होते, इमारती उठत होत्या. विहिरींत, टाक्यांत आणि बांधकामासाठी साठविलेल्या पाण्यात ॲनॉफेलिस स्टीफेन्सी जातीचा डास अंडी घालीत होता. उपजीविकेसाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेले बांधकाम-मजूर या रोगाचे पहिले भक्ष्य ठरले.

हिवतापाचा परजीवी लाव्हेराँ या फ्रेंच वैद्याने १८८० साली रक्तात पाहिला. तो डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखविले. तेव्हापासून निदानाचा राजमार्ग एकच होता: काचपट्टीवर रक्ताचा लेप द्यावा, तो रंगवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. हा मार्ग खात्रीचा खरा. पण त्याला सरावलेली नजर लागते आणि वेळही लागतो. फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापात तर उपचाराला झालेला विलंब प्राणावर बेततो. जेथे प्रयोगशाळा नाही, तेथल्या रोग्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर सोन्याकडून आले.

१८५७ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या क्षारापासून माणकासारखा लाल द्रव तयार केला. त्यात सोने विरघळलेले नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत आहे, हे त्यांनी ओळखले. अशा मिश्रणाला शास्त्रात कलिल म्हणतात. या द्रवात मीठ पडताच त्याचा लाल रंग निळा होतो. याचे कारण असे की, प्रत्येक कणावर विद्युत्भार असतो आणि त्यामुळे कण एकमेकांना दूर लोटतात. मिठामुळे हे लोटणे दुबळे पडते, कण एकमेकांना चिकटतात, आणि गोळा झालेल्या कणांवर प्रकाशाचा परिणाम निराळा होतो. माणसाचे रक्त खारटच असते. तेव्हा सोन्याला रक्ताच्या परीक्षेस बसवायचे, तर ते मिठातही विलग राहिले पाहिजे. सारी अडचण या स्थैर्याची होती.

ती हळूहळू सुटत गेली. रिखार्ड झिग्मॉन्डी यांनी जिलेटिनसारखे पदार्थ सुवर्णकणांचे मिठापासून किती रक्षण करतात, हे मोजण्याची रीत घालून दिली. कलिलांवरील कार्याबद्दल त्यांना १९२५ सालचे नोबेल पारितोषिक लाभले. १९५१ साली अमेरिकेत जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायट्रेटच्या साहाय्याने जवळपास सारख्या आकाराचे कण बनविले. त्यांचा व्यास सुमारे २० नॅनोमीटर होता. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश. पुढे १९७१ साली फॉक आणि टेलर यांनी अशा कणांवर प्रतिपिंड बसविले. शरीर रोगजंतूंना ओळखण्यासाठी जी प्रथिने निर्माण करते, ती ही प्रतिपिंडे. त्यांच्यामुळे कण नेमक्या जागी जाऊन बसू लागले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा काळ्या ठिपक्यांनी दिसू लागली. प्रथिनाच्या या आवरणाने दोन कामे साधली: सोन्याला स्थैर्य आले आणि ओळखण्याची शक्तीही आली.

हिवतापाची पट्टी याच तत्त्वावर चालते. समईच्या वातीतून तेल चढावे, तसे रक्त द्रावणासह पट्टीतून सरकते. वाटेत त्याला सुवर्णकण भेटतात. परजीवीचे विशिष्ट प्रथिन रक्तात असेल, तर कणांवरील प्रतिपिंडे त्याला पकडतात. पुढे पट्टीवर आडव्या रेघेत बसविलेली दुसरी प्रतिपिंडे तेच प्रथिन अडवितात आणि त्यासोबत सोनेही अडकते. असंख्य कण एका ओळीत थांबले म्हणजे डोळ्यांना तांबडी रेघ दिसते. पलीकडची दुसरी रेघ पट्टी ठीक चालली, एवढीच ग्वाही देते.

पणजीजवळच्या बांबोळी येथील ट्यूलिप उद्योगसमूहाने अशा पट्ट्या तयार केल्या. याच समूहाच्या, वेर्णा येथील ऑर्किड बायोमेडिकल सिस्टिम्सची ‘पॅराचेक पीएफ’ ही पट्टी आफ्रिकेतील दवाखान्यांपर्यंत पोहोचली. शीतपेटीवाचून टिकणारी आणि थोड्या शिक्षणाने वापरता येणारी ही पट्टी खेड्यातील आरोग्यसेविकेच्या हातातही चालली. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापाच्या प्रत्येक संशयिताची आधी तपासणी व्हावी, मगच औषध द्यावे, अशी शिफारस केली; पट्टीवाचून ती दुर्गम भागात पाळणे कठीण होते.

तरीही ही कसोटी निर्दोष नाही. ‘पॅराचेक पीएफ’ फॅल्सिपेरमच तेवढा ओळखते, आणि गोव्यातील हिवताप तर बहुतांशी व्हायव्हॅक्स जातीचा. दोन्ही जाती दाखविणारी ‘फॅल्सीव्हॅक्स’ पट्टी याच समूहाने पुढे काढली. रोगी बरा झाल्यावरही फॅल्सिपेरमचे प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळते, त्यामुळे जुना रोग नवा भासतो. शिवाय २०१० साली पेरू देशात हे प्रथिन मुळीच न बनविणारे परजीवी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढे ही रेघ उमटतच नाही. म्हणून सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकता येत नाही, आणि विहिरी व टाक्या झाकण्याचे कामही संपत नाही.

एका पट्टीत सोने असते ते गुंजेच्या कितीतरी सूक्ष्म अंशाएवढे. त्याला बाजारात मोल नाही आणि ते गाळून दागिना घडत नाही. पण ते विलग राहिले, वेळेवर थांबले आणि तांबडे दिसले, तर तापलेल्या माणसाला त्याच दिवशी योग्य औषध मिळते. या सोन्याचा कस तेवढ्यावरच ठरतो.