भिंतीवरचं औषध

हिवतापाविरुद्धची आपल्या देशातली सर्वांत मोठी लढाई घरांच्या भिंतींवर झाली. रक्त प्यायलेली अ‍ॅनॉफिलिस डासाची मादी जड होऊन जवळच्या भिंतीवर टेकते. तिथे डीडीटी या कीटकनाशकाचा थर असला की ती मरते. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. 1965 पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. 1976 मध्ये मात्र ते 64 लाखांवर गेले.

डास डीडीटीला दाद देईनासे झाले, हे कारण सगळेच सांगतात. गडचिरोलीत आरोग्य सेवक म्हणून नोकरी केलेला मी आणखी एक सांगतो: सारवण.

फवारणीला गेलो की एक जण स्टिरप पंप हापसायचा, दुसरा नळी धरून वरून खाली पट्टे ओढायचा. चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी, असा हिशेब. भिंत वाळली की पांढरे डाग उमटायचे. अडीच-तीन महिने भिंतीला हात लावू नका, असं आम्ही बजावायचो. पण पोळा आला, दिवाळी आली, की बाया शेणामातीनं भिंती पोतारायच्या आणि औषध त्याखाली गाडलं जायचं. त्यांना अडाणी म्हणणारे साहेब मी पाहिलेत. मला ते कधी पटलं नाही. सणाला डागाळलेली भिंत कोण ठेवेल? शिवाय आधी मरणारे ढेकूण पुढे डीडीटीनं मरेनात. रात्रभर चावत तेच होते. मग फवारणी हवी कुणाला?

भिंतीवरच्या औषधाचा वेगळा विचार स्पेनच्या रसायनशास्त्रज्ञ पिलार मातेओ यांनी केला: त्यांनी कीटकनाशक सूक्ष्म कोशांत भरून रंगात मिसळलं. बोलिव्हियात गुआरानी लोकांच्या मातीच्या घरांना तो रंग लावला. तिथे भिंतींच्या भेगांत विंचुका हा किडा राहतो आणि चागास रोग पसरवतो. रंगातून औषध हळूहळू बाहेर येत राहतं. घर नीटनेटकं दिसावं ही माणसांची हौस आणि औषध एकाच डब्यात आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण असा रंग आपल्याकडे आला तरी त्यावर शेणाचा हात फिरला की तोही झाकला जाईल. म्हणून फवारणीचं वेळापत्रक आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आधी पोळा-दिवाळीच्या तारखा बघा, पोतारणं उरकल्यावर पथक पाठवा, आणि पंप उतरवण्याआधी घरच्या बाईला विचारा.