इंग्रजी जोडपदे : मराठी विद्यार्थ्यांपुढील निवड

'बिकॉज' की 'बिकॉज ऑफ', 'ऑल्दो' की 'डिस्पाइट' हे अर्थ पाहून सुटत नाही. पुढे काय येते ते पाहावे लागते. कर्ता आणि क्रियापद असलेले वाक्य आले तर 'बिकॉज', 'ऑल्दो'. नुसते नाम आले तर 'बिकॉज ऑफ', 'डिस्पाइट', 'इन स्पाइट ऑफ'. गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांधीवरचे उदाहरण घ्या. 'ऑल्दो द रेन केम लेट' म्हणा किंवा 'डिस्पाइट द लेट रेन'. रोवणी दोन्हीकडे उरकली. 'डिस्पाइट'पुढे 'ऑफ' मात्र कधीच लागत नाही. मराठी व्याकरणात हा भेद मुलांनी शिकलेलाच असतो : 'मुळे' शब्दयोगी, 'कारण' उभयान्वयी.

खरी अडचण जोड्यांची आहे. 'जरी' आले की 'तरी' येणारच, म्हणून इंग्रजीत 'ऑल्दो'नंतर 'बट' घुसतो. 'जोपर्यंत येत नाही, तोपर्यंत' या घडणीमुळे 'अनलेस यू डोन्ट कम' लिहिले जाते. 'अनलेस'मध्ये नकार आधीच आहे, तेव्हा 'डोन्ट'ने अर्थच उलटतो. गोंदियात शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी चालते. हिंदीतही 'हालांकि–लेकिन' आणि 'जब तक नहीं' अशाच जोड्या असल्याने दोन्ही भाषा मुलाला एकाच चुकीकडे ढकलतात. म्हणून हा धडा इथे जास्त वेळ देऊन शिकवायला हवा.

राज्यात 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पुढे मंडळाच्या परीक्षांत जोडपद बदलून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात. गोंदिया नागपूर विभागीय मंडळात येतो. 'ॲज सून ॲज'चे 'नो सूनर' करताना मुले पुढे 'व्हेन' लिहितात. 'सूनर' हे तुलनेचे रूप, त्यामुळे 'दॅन'च हवे, आणि क्रियापदाचा क्रमही फिरतो : 'नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप दॅन...'. 'व्हेन' शोभतो तो 'हार्डली'नंतर.

'ड्यू टू'चा वाद जुना. गाडी धुक्यामुळे उशिरा आली, हे सांगताना 'बिकॉज ऑफ' घ्यावे. 'ड्यू टू' फक्त 'द डिले वॉज ड्यू टू फॉग' अशा रचनेत चालेल, असा जुन्या व्याकरणकारांचा आग्रह होता. 1926 च्या आपल्या कोशात इंग्रजी कोशकार फाउलर यांनीही तो धरला. आज दोन्ही वापर रूढ आहेत.

'ऑल्दो...येट' ही जोडी थोडी जुन्या वळणाची, पण शुद्ध आहे. शिक्षकांनी तिच्यावर लाल रेघ ओढू नये.