तारापूरचे उद्योजक आणि दिल्लीची ज्ञापने

1836 साली स्थापन झालेले बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स आणि 1875 ची मुंबईची गिरणीमालक संघटना यांना वसाहतकालीन मुंबईच्या कायदेमंडळात हक्काच्या जागा होत्या, आणि 1919 व 1935 च्या कायद्यांतही व्यापार-उद्योगाचे असे स्वतंत्र मतदारसंघ राहिल्याने संघटनेचा प्रतिनिधी सभागृहातच उभा राहून बोलत असे. प्रजासत्ताक भारतात या जागा राहिल्या नाहीत आणि शिष्टमंडळ, निवेदन व मंत्रालयातील पाठपुरावा हेच उद्योजकांचे मुख्य मार्ग उरले.

बोईसरलगतची तारापूर औद्योगिक वसाहत या नव्या व्यवस्थेतच वाढली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (एमआयडीसी) उभारलेल्या या वसाहतीत रसायने, औषधे आणि कापडप्रक्रियेचे कारखाने एकवटले, तर तारापूर इंडस्ट्रियल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, म्हणजे ‘टीमा’, ही त्यांची संघटना झाली. मात्र तारापूरच्या विस्ताराचा प्रश्न विधानसभेत किंवा संसदेत नव्हे, तर आकड्यांवर आणि ज्ञापनांवर, म्हणजे केंद्रीय मंत्रालयाच्या कार्यालयीन आदेशांवर, ठरत गेला. हवा, पाणी व जमीन यांचे प्रदूषण एकत्र मोजणाऱ्या ‘सीईपीआय’ या केंद्रीय निर्देशांकात 2009 साली तारापूरला 72.01 गुण मिळाले. 70 च्या वरचे क्षेत्र ‘अतिप्रदूषित’ गणले जात असल्याने 13 जानेवारी 2010 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा 43 क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या व विस्ताराच्या पर्यावरण परवानग्या रोखल्या, आणि पुढे कृती आराखडे पाहून त्या टप्प्याटप्प्याने खुल्या केल्या. 2018 मध्ये तारापूरचा आकडा 93.69 वर गेला. 10 जुलै 2019 रोजी राष्ट्रीय हरित लवादाने अशा क्षेत्रांतील लाल व नारिंगी गटांतील, म्हणजे अधिक प्रदूषणकारी, उद्योगांच्या विस्ताराला मनाई केली. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला मंत्रालयाने अटी घालून परवानगीची वाट पुन्हा काढली. कायद्याचे एक कलमही न बदलता कारखान्यांचे भवितव्य असे दोनदा फिरले, म्हणूनच उद्योग संघटनांची खरी शक्ती भाषणांपेक्षा अशा ज्ञापनांच्या मसुद्यांवरील हरकतींत शोधावी लागते.

वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्याकडे जाते, आणि तिथल्या मच्छीमारांना मसुद्यांच्या बैठकीत खुर्ची नव्हती. त्यांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये हरित लवादाचा दरवाजा ठोठावला आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाई बसवली.